कोणती टाळू?

"मॅडम, फार वेळ लावू नका. कवटी फुटलेली आहे हे कुणालाही दिसतंय. तुमची फक्त सही पाहिजे," असं म्हणत हवालदार बिडव्यांनी एक पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि रुमालानं मान पुसली.

डबा बिस्किटांचा होता. झाकणाला कापड बांधून वर लाखेचं सील मारलेलं. तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवत होते. नवीनच व्याख्याती होते आणि जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती विभागात होऊन चुकली होती. पोलिसांना कुठं हाडं सापडली की ती आमच्याकडे यायची. माणसाची की जनावराची, बाईची की पुरुषाची, वय काय, मार लागलाय का, एवढं आम्ही सांगायचं. निम्म्या वेळा बकरीची निघायची आणि हवालदार हिरमुसून परत जायचे.

"कुणाची आहेत?" मी विचारलं.

"अडीच महिन्यांच्या पोरीची. आईनंच मारली. पहिलीच मुलगी, तीही मरतुकडी. डोक्यात घातलं काहीतरी, गावाला सांगितलं आजारानं गेली, आणि दिली पुरून. चार महिन्यांनी चुलत दिरानं ठाण्यात अर्ज दिला, तेव्हा आम्ही उकरून काढलं."

दात न आलेल्या लेकराला आपल्याकडं जाळत नाहीत, पुरतात. म्हणून तर ही हाडं शिल्लक होती.

"चार महिने दीर काय करत होता? भांडण वगैरे आहे का दोन घरांत?"

"आता बांधावरून कुणाचं नसतं, मॅडम? पण इथं सगळं पक्कं आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टर टेंकाळ्यांनी लिहून दिलंय, कपाळ मधोमध दुभंगलेलं, जड हत्याराचा वार. आणि आरोपी स्वतःच कबूल आहे. टाळू फाटली होती म्हणून पोरगी गेली, हे तिचेच शब्द. आम्ही काही तोंडात घातले नाहीत. आता अजून काय पाहिजे?"

"कुठाय ती?"

"बाहेर व्हरांड्यात, लेडी कॉन्स्टेबल आहे सोबत. तिचीही तपासणी करून घ्यायची होती. म्हटलं एका खेपेत दोन्ही कामं उरकतील." आपल्या हुशारीवर बिडवे खूश होते. "एसटीनंच आलो. गर्दी होती, डबा खाली ठेवला तर लाथा बसल्या असत्या. तिच्याच मांडीवर दिला."

माणूस दुष्ट नव्हता, तेच अवघड होतं. त्याला त्यात काही वावगं दिसतच नव्हतं.

"तुम्ही त्या बाईच्या मांडीवर तिच्या मुलीची हाडं देऊन तिला तीन तालुके फिरवून आणलंत?"

"सीलबंद होता ना डबा," बिडवे म्हणाले.

मी डबा पुढं ओढला. सील फोडलं, ट्रेमध्ये काळं कापड अंथरलं आणि एकेक हाड काढून मांडायला लागले. वाळलेल्या पिंपळपानासारखी पातळ हाडं ती. हात जरा जोरात पडला तरी तडकतील अशी. कपाळाची दोन, माथ्याची दोन, मागच्या बाजूची चार, कानाजवळची. मातीनं पिवळी झालेली, पण एकही मोडलेलं नाही. मी भिंग घेतलं आणि प्रत्येकाची कड फिरून फिरून पाहिली. पाहता पाहता माझं डोकं तापायला लागलं.

"बिडवे, इकडं या. हे कपाळ."

"तेच तर. मधोमध दोन तुकडे."

"तुकडे नाहीत ते. तुमच्या-माझ्या कपाळाला एक हाड असतं, बाळाच्या कपाळाला दोन असतात. उजवं आणि डावं. मध्ये शिवण असते, ती दुसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू बुजते. जन्माच्या वेळी डोकं दबून बाहेर येता यावं म्हणून सगळी कवटीच अशी सुटी सुटी असते. वरची कातडी मातीत गेली की हाडं आपोआप वेगळी होतात. माळेचा दोरा तुटला म्हणून मणी फुटले असं म्हणता का तुम्ही?"

बिडवे वाकून बघायला लागले.

"ही कड बघा. मधल्या उंचवट्यापासून बारीक रेषा निघाल्यात, त्या काठापर्यंत जाऊन संपतात. वार बसला असता तर त्या रेषा आडव्या कापल्या गेल्या असत्या. इथं एक रेष कापलेली नाही. हे हाड जसं वाढलं तसंच आहे. आमच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल!"

हे शेवटचं मी जरा जास्तच जोरात बोलले असणार, कारण व्हरांड्यातली कुजबुज थांबली.

"पण मॅडम," बिडवे अडखळले, "ती स्वतःच म्हणते, टाळू फाटली होती."

"कोणती टाळू?"

"कोणती म्हणजे? टाळू म्हणजे..." आणि त्यांनी टोपी सरकवून डोक्याच्या मध्यावर हात ठेवला.

मी बाहेर गेले.

ती भिंतीला टेकून खालीच बसली होती. विशीची असेल. डोक्यावर पदर, हातात काकणं नाहीत, ती ठाण्यात काढून घेतली होती म्हणे. तिचं नाव सोजर. मला बघून ती उठायला लागली, तर लेडी कॉन्स्टेबलनं तिच्या खांद्यावर हात दाबला.

"उठू दे तिला," मी म्हणाले. "सोजर, मी इथली डॉक्टर."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. त्यांना माती लागली होती.

"नीट ठिवलंय ना, बाई? सांडलं न्हाई ना काई?"

"नीट ठेवलंय."

"एष्टीत लई हिसडे बसत व्हते. म्या दोनी हातांनी धरून बसले. मांडीवर व्हती तवर बरं वाटत व्हतं. परत कवा देताल? उघड्यावर न्हाई ठिवू लेकराला."

तुरुंगाविषयी नाही, फाशीविषयी नाही, तिनं मला पहिल्यांदा विचारलं ते हे. पुढं कितीतरी दिवस ती भेटेल त्याला हेच विचारत राहिली, आणि जो तो तिला वेड्यात काढत राहिला.

"देऊ," मी म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले कुणास ठाऊक. "मला एक सांग. पोरगी कशानं गेली?"

"सांगितलंय की समद्यांला. तिची टाळू फाटकी व्हती."

"कशानं फाटली?"

"कशानं म्हंजी? उपजतच. पोटातूनच तशी आली." ती माझ्याकडं अशी बघायला लागली की या डॉक्टरणीला एवढंही कळत नाही. मग तिनं पदर बाजूला केला, आ वासला, आणि उजव्या हाताचं बोट तोंडात घालून वरच्या बाजूला लावलं. बोट तिथंच ठेवून ती काहीतरी बोलली, ते कळलं नाही. बोट काढून परत म्हणाली, "हितं. सुईणीनं बोट घालून बघितलं तर वर भोकच. ओठ चांगला व्हता, नाक चांगलं व्हतं, वरून दिसायचं न्हाई कुनाला. पन दूध पाजलं की नाकातून भायेर."

आपल्या भाषेनं डोक्याच्या छपरालाही टाळू म्हटलं आणि तोंडाच्या छपरालाही टाळूच म्हटलं. बारशाच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं. टाळूवर तेल घाल म्हटलं की कुणी बाळाच्या तोंडात तेल ओतत नाही, आणि गूळ टाळूला चिकटला म्हटलं की कुणी डोकं चाचपत नाही. पण ठाण्यात, दवाखान्यात, खुर्चीवर बसलेल्या एकाही शहाण्याला तोंडातली टाळू आठवली नाही. सगळे मराठी बोलणारे. सगळे टाळूला जीभ लावूनच ट ठ ड म्हणणारे!

"मग काय करायचीस तू?"

"उभी धरायची. कापसाच्या बोळ्यानं एक एक थेंब. सासू मनली, सोड, जगत न्हाई हे. जाऊ मनली, पोरगीच हाय, कामून जीव काढतीस. म्या न्हाई सोडली. रात न्हाई, दिस न्हाई. मग ठसका लागायला लागला, छातीत भरलं. दवाखान्यात नेली."

"कुठल्या?"

"टेंकाळे डाक्तरकडंच की. सरकारी."

"त्यांनी तोंड उघडून बघितलं?"

"म्या मनले, टाळू फाटकी हाय साहेब. त्यांनी डोस्क्यावर हात फिरवला अन् मनले, टाळू चांगली हाय, भरंल हळूहळू. बाटली लिहून दिली. तिसऱ्या दिशी गेली."

बोलण्यासारखं जे होतं ते त्या बिचारीला ऐकवून उपयोग नव्हता. ज्या माणसानं जिवंतपणी चुकीच्या टाळूवर हात फिरवला, त्यानंच मेल्यावर त्या टाळूवर वार शोधून काढला होता.

आत येऊन मी डबा परत धुंडाळला. मला वरच्या जबड्याची हाडं हवी होती, कारण तोंडाची टाळू त्यांचीच बनते. उजव्या जबड्यातून एक पातळ फळी आत येते, डाव्यातून एक, आणि मधोमध त्या एकमेकींना भेटतात. डब्यात जबडा नव्हता.

"बाकीची हाडं कुठायत?"

"मोठी मोठी सगळी घेतली, मॅडम," बिडवे म्हणाले. "बारीकसारीक मातीचे गोळे होते, ते डब्याच्या तळाशी आहेत बघा. टाकूनच देणार होतो."

मी ते गोळे बेसिनमध्ये मलमलीवर घेतले आणि नळाची बारीक धार सोडली. माती विरघळत गेली. एक कानातलं हाड निघालं, एक बरगडीचा तुकडा, खालच्या जबड्याचं एक अंग. मग पोटात न उगवलेल्या दातांची खळगी घेऊन एक हाड वर आलं. थोड्या वेळानं दुसरं. मी दोन्ही चिमट्यानं उचलून कापडावर समोरासमोर लावली. भेटायला हव्या होत्या त्या फळ्या भेटत नव्हत्या. दोन्ही अर्ध्यावरच थांबल्या होत्या. कडा नुकत्या मोडल्यासारख्या धारदार नव्हत्या, शिवणीसारख्या खरखरीतही नव्हत्या. गोल, गुळगुळीत होत्या. मध्ये माझ्या करंगळीचं टोक सहज जाईल एवढी फट होती. ती फट जन्माच्या आधीची होती, आणि ती कुणी कुऱ्हाडीनं पाडू शकत नाही.

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख आले. डॉक्टर सबनीस. माणूस विद्वान, कुणाला दुखवायचं नाही हे त्यांचं ब्रीद. फक्त दुखणार कोण आणि कोण नाही हे ते आधी बघून घ्यायचे. मी त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हाडं निरखली, मान डोलावली.

"बरोबर आहे तुझं, सुनीती. सुरेख नमुना आहे. कपाळाला काही झालेलं नाही. टाळू जन्मजातच."

"मग तसं लिहिते."

"लिही ना. फक्त भाषा जरा सांभाळून. 'हाडांवर माराच्या स्पष्ट खुणा आढळल्या नाहीत, तथापि मारहाणीची शक्यता नाकारता येत नाही.' असं."

"का नाकारता येत नाही, सर?"

"अगं, कुठलीच शक्यता कधी नाकारता येत नाही. शास्त्र आहे ते."

"मग उद्या त्या डब्यावर वीज पडली होती ही शक्यताही लिहू?"

सबनीस सरांनी बिडव्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटलं. "हे बघ, टेंकाळे आपलाच विद्यार्थी. गरिबीतून आलेला मुलगा, आडगावी नोकरी करतोय. कोर्टात त्याचं हसं करायचं आपण?"

"सर, त्याच्यापुढं हे लेकरू जिवंत आलं होतं. आईनं सांगितलं टाळू फाटलीय, त्यानं तोंड उघडलं नाही. ते मेलं. मग त्याच्यापुढं त्याच लेकराची हाडं आली, तर त्यानं शिवणीला जखम म्हटलं. आणि आपण त्याचं हसं होऊ नये म्हणून झुरतोय. ती बाहेर बसलेली बाई कुणाची विद्यार्थिनी नाही, एवढाच तिचा गुन्हा का?"

"आवाज खाली."

"तिला फाशी झाली तर?"

"फाशीबिशी कुठं होते आता? जास्तीत जास्त जन्मठेप."

हे वाक्य त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं होतं. शिकली-सवरलेली, घरी तानपुरा जुळवून बसणारी माणसं असं बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून शिकलेल्या माणसाचा धाक मला वाटेनासा झाला.

"त्याला आपणच पास केलं, सर. तेवढं तरी निस्तरू या."

"मी सही करणार नाही."

"माझी पुरे आहे."

"कोर्टात तुलाच जावं लागेल. एकटीला."

"जाईन."

मी लिहिलं. कवटीवर मारहाणीची एकही खूण नाही, मारहाणीनं असं होऊच शकत नाही, टाळू म्हणजे तोंडातली टाळू, आणि ती जन्मापासून दुभंगलेली. हाडं पुन्हा सीलबंद केली. बिडवे डबा घेऊन निघाले, तेव्हा मी त्यांना बाहेर गाठून बजावलं, की तो परत सोजरच्या मांडीवर द्यायचा नाही. सोजरनं ते ऐकलं.

"द्या की, बाई," ती म्हणाली. "तेवढं कामून नको मनता?"

मी मान वळवली, आणि बिडव्यांनी डबा तिच्या हातात दिला.

खटला उभा राहायला वर्ष लागलं. तोवर ती आतच होती. जामिनाला उभं राहायला कुणी नव्हतं, आणि नवऱ्यानं, बब्रुवाननं, मधल्या काळात दुसरं लग्न उरकून घेतलं. सरकारी वकिलांनी मला साक्षीला बोलावलंच नाही. माझा अहवाल त्यांना अडचणीचा होता. कोर्टानं सोजरला दिलेला वकील तरुण होता, काळा कोटही उसना असावा असा. त्यानं बोलावलं.

टेंकाळ्यांची साक्ष माझ्या आधी झाली होती. त्यांनी कपाळावरचा वार किती इंच खोल होता तेही सांगितलं म्हणे. मी पिंजऱ्यात उभी राहिले, हाडांचं सांगितलं. मग सरकारी वकील उठले, आणि त्यांनी हातातला हुकमाचा पत्ता टाकावा तसा एकच प्रश्न टाकला.

"मॅडम, टाळू फाटल्यामुळे मूल दगावलं असं आरोपीनं पहिल्या दिवशी स्वतः सांगितलं. हे तरी तुम्हाला मान्य आहे?"

"पूर्ण मान्य आहे. मीही तेच लिहिलंय."

कोर्टात चुळबुळ झाली. वकील माझ्याकडं न बघता न्यायाधीशांकडं बघून हसले.

"आता तुम्ही सांगा," मी म्हणाले, "तुम्ही तिला विचारलंत का, कोणती टाळू?"

"साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात," न्यायाधीश म्हणाले. वयस्क, थकलेला माणूस होता.

"मग साहेबांनी विचारावा."

मग त्यांनीच मला विचारलं, "कोणती टाळू?"

"साहेब, जीभ जरा वर लावा."

त्यांचं तोंड मिटलेलंच होतं, पण गाल हलला. शेजारच्या टंकलेखकाचा हलला. शिरस्तेदारांचा हलला. सरकारी वकिलांनीही लावलीच असणार, कारण त्यांचं हसू मावळलं. मागच्या बाकावर बिडवे होते. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. साऱ्या कोर्टानं एकदम जीभ टाळूला लावली होती, आणि कुणाला काही बोलता येत नव्हतं.

"ती," मी म्हणाले. "तिथं भोक होतं. ही बाई पहिल्या दिवसापासून ते सांगतेय. खरं बोलली म्हणून तुम्ही तिला वर्षभर कोंडून ठेवलंय."

"शेवटचं वाक्य नोंदवू नका," न्यायाधीश टंकलेखकाला म्हणाले. पण त्यांनी ती दोन हाडं मागवून घेतली आणि कागदावर समोरासमोर ठेवून बराच वेळ बघितली.

निकालाच्या दिवशी मला कुणी बोलावलं नव्हतं. मी रजा टाकून गेले. निकाल वाचायला फार वेळ लागला नाही. आरोपी निर्दोष. टेंकाळ्यांविषयी एक अक्षर नव्हतं, ठाण्याविषयी नव्हतं. टेंकाळे पुढं बदली होऊन मोठ्या गावी गेले, असं कळलं. शिरस्तेदार एका सुरात शेवटची वाक्यं वाचत होते. "आरोपीस तात्काळ मुक्त करण्यात यावे. मुद्देमाल किंमतशून्य असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा."

सोजर पिंजऱ्यातून खाली उतरली. माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "सुटले ना म्या?"

"सुटलीस."

"मग लेकरू द्या मनावं आता."

मी शिरस्तेदारांकडं गेले. ते म्हणाले, "मॅडम, हाडं मुद्देमालात आहेत. नष्ट करायचा हुकूम आहे."

"किंमतशून्य म्हणजे हाडं?"

"ते वाक्य ठरलेलं असतं हो. चाकू, काठी, फाटके कपडे, सगळ्याला तेच लागतं. टंकलेखक आपला टाकून देतो. इतकं मनावर घेऊ नका."

सोजर माझ्या मागंच उभी होती. "काय मनतेत?"

मला कुठल्याही भाषेत ते गोड करून सांगता येईना. "म्हणतायत, त्या हाडांना काही किंमत नाही. म्हणून फेकून देणार."

ती जराही रडली नाही. वळली, चालत गेली, आणि आत्ताच जिथून उतरली होती त्या आरोपीच्या पिंजऱ्यात परत जाऊन उभी राहिली. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला होता. बेड्या घातलेला एक माणूस आत यायला निघाला होता, तो पायरीवरच थबकला.

"ए बाई, उतर खाली. सुटलीस तू," शिपाई ओरडला.

"न्हाई सुटले," सोजर म्हणाली. एवढा मोठा आवाज तिच्यात होता हे मला माहीत नव्हतं. "लेकरू देत न्हाईत तर म्या सुटले कशी? आत न्या मला परत. ती जितं हाय तितं ठिवा."

लेडी कॉन्स्टेबल पुढं झाली. सोजरनं कठडा दोन्ही हातांनी धरला. न्यायाधीशांनी हात वर करून कॉन्स्टेबलला थांबवलं, निकालाचा कागद मागितला आणि ते शेवटचं वाक्य स्वतः वाचलं. पहिल्यांदाच वाचत असावेत. मग त्यांनी पेन उघडून ते खोडलं.

अपिलाची मुदत संपेपर्यंत मुद्देमाल सोडता येत नाही म्हणून मग मार्ग निघाला तो सुपुर्तनाम्याचा. जप्त केलेली म्हैस, सायकल, असं काही मालकाला तात्पुरतं सांभाळायला देतात, तसा. शिरस्तेदारांनी छापील कागद काढला, मोकळ्या जागा भरल्या, आणि तिला वाचून दाखवा म्हणून माझ्याकडं दिला. मी वाचलं. सदर मुद्देमाल मी माझ्या ताब्यात घेत असून तो सुस्थितीत ठेवीन, त्याची विक्री अगर विल्हेवाट लावणार नाही, आणि न्यायालय मागेल तेव्हा विनातक्रार हजर करीन.

वाचून झाल्यावर मी कागद टेबलावर आपटला.

"म्हणजे," मी तिला म्हणाले, "कोर्टानं मागितलं तर परत आणून द्यायचं, असं लिहून घेतायत."

सोजरनं अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला आणि पदराला पुसला. कोर्टानं हाडं आता ज्यात सील केली होती ती कापडी पिशवी शिरस्तेदारांनी पुढं केली. ती तिनं दोन्ही हातांनी घेतली, पदराखाली धरली, आणि सगळ्या कोर्टाकडं एकदा बघितलं.

"येऊ द्या मागायला," ती म्हणाली.